देवावर सोपवलंय म्हणता, पण नजर त्याच्या शेडवर आहे

पत्र थोडक्यात: वेंगुर्ला तालुक्यातल्या एका ताईंचं हे पत्र आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. ताई पंचेचाळिशीच्या, कुटुंब कॅथलिक. वडील अंथरुणाला खिळलेले असताना चुलत भावाने "बँकेच्या कामाला लागतं" असं सांगून त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलं आणि त्याच कागदावर वडिलांच्या वाट्याची, रस्त्यालगतची कलमांची बाग मुंबईच्या पार्टीला विकून टाकली. घरी तलाठ्याची नोटीस आली तेव्हा कळलं. पैसे विचारले तर "तुमच्या औषधपाण्यालाच गेले" एवढंच उत्तर. वर्षभरात वडील गेले. नोटीस येऊन आता अडीच वर्षं होत आली.

धाकटा भाऊ म्हणतो रात्री जाऊन त्याची राहिलेली कलमं तोडू. शेजारच्या काकी म्हणतात, "देवळात एक नारळ ठेव गो, मगे बघ तो कसो सरळ येता." आई म्हणते आपण ख्रिस्ती, कोर्टाची पायरी चढायची नाही, देव बघून घेईल. फादरही म्हणाले माफ कर, देवावर सोपव. आणि या मार्चमध्ये चुलत भावाची काजूची शेड जळाली.

ताई लिहितात, "कळलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की माझी मीच घाबरले. आईला म्हटलं बघ, देवाने बघितलं. तर माझी सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, शेड देवाने जाळली तर आजोबांचा कॅन्सर पण देवानेच दिला का? मला बोलता आलं नाही. केस केली तर मी बायबलच्या विरुद्ध जाते का? नाही केली तर देव कधी बघणार? आणि कुमसारात (फादरकडे पापांची कबुली देताना) मी नक्की काय सांगू?"

---

ताई,

आधी एक गोष्ट, कारण पत्र दोनदा वाचलं तरी ती तुम्हाला कोणी म्हटल्याचं दिसलं नाही. जे झालं ते चुकीचं झालं. आजारी माणसाची सही घेऊन त्याची बाग विकणं ही फसवणूक आहे आणि तुम्हाला आलेला राग हा काही तुमच्या विश्वासातला दोष नाही. माफी, प्रार्थना, देवाची इच्छा हे सगळं पुढे बोलू, पण हे पहिलं वाक्य न बोलता कोणी थेट "माफ कर" वर आलं की माणसाला वाटतं आपलं दुखणंच खोटं आहे. मला वाटतं तुमचं थोडं तसं झालंय.

आता तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सगळीकडे दिसतेय. तुम्ही धरून चाललाय की दोनच रस्ते आहेत. एक धाकट्या भावाचा आणि काकींचा, म्हणजे कोयता नाहीतर नारळ, आणि दुसरा आईचा, म्हणजे गप्प बसायचं. आणि गप्प बसणं म्हणजेच देवावर सोपवणं असं घरात ठरून गेलंय. ते कुठून आलं ते बघूया, कारण ज्या वचनावर हे सगळं उभं आहे ते वचन असं म्हणतच नाही.

वचन बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातलं, १९वी ओवी. प्रेषित पौल लिहितो की स्वतः सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला जागा द्या, कारण सूड घेणं माझं काम आहे, मी फेड करीन असं प्रभू म्हणतो. हे त्याने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायातून घेतलंय. आपल्याकडे प्रवचनात १२वा अध्याय संपला की पुस्तक मिटतं. पण पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्यात अध्याय नव्हतेच, हे आकडे तेराव्या शतकात पडले. सलग वाचलं तर लगेच पुढे, पाचसहा ओव्यांत, तो राज्यसत्तेबद्दल बोलतो, की वाईट करणाऱ्याला शासन करायला ती देवाची सेवक आहे, ती तलवार उगीच धरत नाही. म्हणजे एका हाताने तो सांगतो तू हातात कोयता घेऊ नकोस आणि दुसऱ्या हाताने कचेरी दाखवतो. देवाने फेड करायच्या वाटांपैकी एक वाट तालुक्याच्या गावातून जाते, असं मी तरी हे वाचते.

आणि पौल स्वतः कसा वागला बघा ना. फिलिप्पैमध्ये त्याला चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं, आणि सकाळी अधिकारी म्हणाले गुपचूप सोडून द्या. पौल म्हणाला, नाही, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड मारलंत, आता तुम्ही स्वतः या आणि बाहेर काढा. पुढे कैसरियात त्याच्यावर खोटे आरोप झाले तेव्हा त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे दाद मागितली. सूड देवावर सोड म्हणणारा हाच माणूस! प्रभू येशूनेही, प्रमुख याजकासमोर एका शिपायाने तोंडात मारली तेव्हा उलट मारलं नाही, पण गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं विचारलं. योहान १८ मध्ये आहे, आज रात्री काढून वाचा.

तुमच्यासाठी तर जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाचा २७वा अध्याय आहे, आणि ही गोष्ट चर्चमध्ये इतकी कमी ऐकायला मिळते याचं मला मनापासून वाईट वाटतं. सलाफहादच्या पाच मुली. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप वाळवंटात वारला, भाऊ नाही, आणि रीतीप्रमाणे जमीन मुलींना नाही. त्या पाचजणी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं, आम्हाला वतन द्या. मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, या मुली बरोबर बोलतायत. बापाच्या जमिनीचा हक्क मागायला सगळ्या गावासमोर उभं राहिलेल्या बायकांना देवाने लोभी म्हटलं नाही, भांडखोर म्हटलं नाही, त्या बरोबर आहेत म्हटलं आणि कायदा बदलला.

आता आईच्या बाजूने. त्या म्हणतात त्यातही वचन आहे आणि ते टाळून चालणार नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात पौल रागावलाय की विश्वासणारे भाऊ एकमेकांवर बाहेरच्या कोर्टात फिर्यादी करतात, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? खरं आहे, लिहिलंय. पण तिथेच तो मंडळीला विचारतो, भावाभावातला निवाडा करेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? आणि लगेच पुढे फसवणाऱ्याकडे वळतो की तुम्ही अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावाला. म्हणजे तो अध्याय फक्त लुबाडल्या गेलेल्या माणसाला गप्प बसवायला वाचला तर निम्माच वाचला. मंडळीने निवाड्याला बसायचं होतं आणि लुबाडणाऱ्याने परत करायचं होतं. फादरनी तुम्हाला माफ कर म्हटलं, ठीक. पण चुलत भावाला बोलावून हिशेब दे म्हटलं का? तुमच्या पत्रात तसं काही नाही. फादर वाईट आहेत असं अजिबात म्हणायचं नाही, लहान गावात दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर बसतात तिथे हे किती अवघड असतं हे मला माहितीये. तरी विचारा त्यांना. मत्तय १८ मध्ये पायऱ्याच दिल्यात, आधी एकट्याने त्याला जाऊन सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. तुमच्या घरात यातली पहिली पायरीसुद्धा नीट झालेली नाही, वडिलांनी विचारलं तेवढंच. नंतर अडीच वर्षं दोन्ही घरं एकमेकांकडे न बघता मिस्साला जातात.

म्हणून केस करणं म्हणजे सूड का, याचं माझं उत्तर नाही असं आहे. पण केस सूड *होऊ शकते*, आणि ते तुमचं तुम्हालाच बघावं लागेल. धर्मपंडित थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात याच प्रश्नावर लिहून गेलाय, त्याचा मुद्दा असा की बघायचं ते शासन मागणाऱ्याच्या मनाकडे. त्या माणसाचं वाईट व्हावं यातच मन रमत असेल तर ते पाप, मग कारण कितीही खरं असू दे. त्याचं वागणं थांबावं, दुसऱ्यांना त्रास होऊ नये, न्याय राहावा यासाठी असेल तर चालतं. तर एक करा, वकिलाकडे जायच्या आधी कागदावर लिहा की मला काय मिळालं म्हणजे हे माझ्यापुरतं संपेल. बाग परत? विक्रीच्या पैशाचा हिशेब आणि आपला हिस्सा? त्याने आईसमोर येऊन चूक झाली म्हणणं? जे असेल ते. लिहिताना "तो रस्त्यावर आला पाहिजे" असं वाक्य आलं तर तेही लिहा, खोटं लिहू नका, पण ते बाजूला वेगळं लिहा. पहिला कागद वकिलाकडे जाईल. दुसरा घेऊन कुठे जायचं ते खाली सांगते.

लूक १२ मध्ये एक माणूस येशूला सांगतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू म्हणतो मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं, आणि लोभापासून जपा म्हणतो. या ओळी मी मुद्दाम आठवण करून देतेय, कारण मागणी खरी असली तरी ती मागता मागता माणूस पूर्ण त्या जमिनीतच पुरला जातो हे आपल्या कोकणात घरोघर दिसतं. एका गडग्यासाठी दोन पिढ्या बोलत नाहीत, सामायिक विहीर गाळाने भरते पण उपसायला कोणी तयार नाही, मे महिन्यात चाकरमानी येतात ते सुट्टीला कमी आणि तारखेला जास्त. हक्क मागा, पण काय मिळालं की थांबायचं हे आधी ठरवून मागा.

आता ती शेड.

तुम्हाला बरं वाटलं. ते येतं ताई, न बोलावता येतं, जिवाला इतकं लागलेलं असतं तिथे येणारच. नीतिसूत्रं २४ मध्ये म्हटलंय की वैऱ्याच्या पडण्याने आनंद करू नको, आणि असं सांगावं लागतं याचाच अर्थ सगळ्यांना तो आनंद होतो. तो वर आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. मला काळजी त्याच्या पुढच्या वाक्याची वाटली. "बघ, देवाने बघितलं." कारण तिथे तुम्ही त्या आगीवर देवाची सही करून टाकलीत.

आणि तुमच्या मुलीने ती सही बरोबर पकडली. हुशार आहे पोर, तिच्यावर रागावू नका. तिचा प्रश्न येशूलाही विचारला गेलाय. शिलोहचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती, तेव्हा तो म्हणाला की ती यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं कोणाच्या पापाने हा असा झाला, त्याच्या की आईबापांच्या? तो म्हणाला ना याच्या, ना त्यांच्या. तेव्हा मुलीला स्पष्ट सांगा की आजोबांचा कॅन्सर ही शिक्षा नव्हती. आणि मग तेच माप शेडलाही लावावं लागतं, इथे खरं जड जातं. मार्च महिना, वाळलेली काजूची टरफलं, त्यातलं तेल, शेडला आग लागायला एवढं पुरतं. तुमचे वडील चांगले होते म्हणून त्यांचं दुखणं नुसतं दुखणं आणि तो वाईट म्हणून त्याची आग ही देवाची, असं नाही करता येणार.

"मग देव कधी बघणार?" या प्रश्नावर मी खूप विचार केला. मला वाटतं यात एक गोष्ट लपलेली आहे, की देव जेव्हा बघेल तेव्हा आपल्याला दिसेल अशा पद्धतीने बघेल, आपल्या डोळ्यासमोर, आपण जिवंत असताना, आपल्याला समाधान होईल एवढं. योना संदेष्ट्याला हेच हवं होतं. निनवे बुडणार म्हणून सांगून झालं आणि तो शहराच्या पूर्वेला मांडव घालून बसला, आता शहराचं काय होतं ते बघायला. निनवेची माणसं तर आधीच पश्चात्ताप करून मोकळी झाली होती, देवाने सोडून दिलं होतं, आणि योना रागाने मरायला टेकला होता. ते पुस्तक देवाच्या प्रश्नावरच संपतं, की या एवढ्या मोठ्या शहराची मी कीव करू नको का, ज्यात १,२०,००० हून जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरंही. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही.

तुम्ही पत्रात लिहिलंय की बाजारात जाताना मुद्दाम त्याच्या शेडवरून जाता, त्याचं व्हॉट्सअॅप स्टेटस बघता, त्याच्या मुलाचं लग्न मोडलं का याची चौकशी करता. हा तुमचा मांडव आहे. देवावर सोपवलं म्हणताय, पण तिथून उठला नाहीत. अडीच वर्षं त्या माणसाचं बरंवाईट बघण्यात तुमचे दिवस चाललेत, आणि त्याने बाग घेतली त्याच्यावर हे वेगळं गेलं.

देवावर सोपवण्यातला सगळ्यात कठीण भाग हा आहे, आणि "देव बघून घेईल" म्हणणारे सहसा इथपर्यंत येत नाहीत. सोपवलं की निकालही त्याचा. नाबोथाचा द्राक्षमळा आठवतो ना? अहाब राजाला भाजीची बाग करायला तो हवा होता, नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन देणार नाही, तर ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याचा शिक्का मारला, खोटे साक्षीदार उभे केले, त्याला दगडमार करून मळा घेतला. कागद, शिक्का, खोटं, किती ओळखीचं आहे सगळं. देवाने एलिया संदेष्ट्याला पाठवून अहाबाला तोंडावर सुनावलं, म्हणजे देवाने बघितलं होतंच, एक अक्षर चुकवलं नव्हतं. पण त्याच अध्यायाच्या शेवटी अहाब गोणपाट नेसून उपास करतो, नमतो, आणि देव म्हणतो की हे अरिष्ट मी याच्या हयातीत आणणार नाही. नाबोथाच्या घरच्यांना ते ऐकून कसं वाटलं असेल, मला नेहमी वाटतं त्यांना ते अजिबात पटलं नसेल. तुमचा चुलत भाऊ उद्या खरंच पस्तावला आणि देवाने त्याला माफ केलं तर चालेल का तुम्हाला? लगेच हो म्हणू नका. नाही असेल तर नाही म्हणा, देवालाच म्हणा.

कारण तो दुसरा कागद तिथेच न्यायचा आहे. १०९वं स्तोत्र उघडा. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो, सावकार त्याचं सगळं ओढून नेवो, असं सगळं त्यात आहे. वाचवत नाही इतकं कडू आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चच्या रोजच्या प्रहरांच्या प्रार्थनांमधून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं वगळली, आणि सगळ्यांनी मोठ्याने म्हणायला नकोत हे मलाही पटतं. पण बायबलमधून ती कोणी काढलेली नाहीत, आणि बरंच आहे. ज्याने हे म्हटलं त्याने ते देवाच्या तोंडावर म्हटलं, शत्रूच्या दारात नाही. दार लावून मोठ्याने वाचा, त्याचं नाव घेऊन, रडू आलं तर रडा. रोज वाचा हवं तर. मी हे मनापासून सांगतेय, कारण राग दाबून "मी सोडलंय हो सगळं" म्हणत फिरणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि तो राग मग सुनेवर निघतो, पोरांवर निघतो.

काकींच्या नारळाबद्दल. त्या मायेने बोलल्या, तुमचं दुःख त्यांना बघवत नाही म्हणून. गाऱ्हाणं घालणं ही त्यांची श्रद्धेची रीत आहे, तिला तुम्ही-आम्ही नावं ठेवायची नाहीत, त्यांच्या देवळात गाऱ्हाण्यात सगळ्या गावाचं भलंही मागतात. पण दुसऱ्याचं वाटोळं मागण्यापुरतं बोलायचं तर त्यात आपण काही वेगळे नाही, खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे मेणबत्ती लावून तेच मागणारी आपलीही माणसं आहेत. मागणं तेच असेल तर नारळ की मेणबत्ती याने काय फरक पडतो? काकींना सांगा, काकी, तुम्ही माझ्यासाठी मागा, त्याच्या विरुद्ध नको. त्या समजतील.

धाकट्या भावाला मात्र आजच थांबवा. कलमं तोडली तर गुन्हा त्याच्यावर, फिर्यादी चुलत भाऊ, आणि तुमची खरी तक्रार कायमची मागे पडली. शिवाय पंधरा-वीस वर्षं वाढवलेलं झाड, त्याने काय केलंय? दाविदाला त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत सापडला होता, बरोबरचे म्हणाले हाच दिवस, पण त्याने झग्याचा काठच कापला आणि त्याचंही त्याला लागलं. पुढे बाहेर येऊन त्याने लांबून ओरडून सगळं सांगितलं की तू माझ्या जिवावर उठलास, परमेश्वर तुझ्यामाझ्यात न्याय करो, माझा हात तुझ्यावर पडणार नाही. हात आवरला, तोंड नाही. भावाला ही गोष्ट सांगा, त्याला त्यातला ओरडण्याचा भाग आवडेल.

ग्लॅडिस स्टेन्स बाईंचं उदाहरण तुम्हाला कोणी ना कोणी दिलंच असेल. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर, नवरा आणि १० व ६ वर्षांची दोन मुलं गाडीत जाळली, आणि त्यांनी मी माफ केलंय म्हटलं, तिथेच राहून कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. हे उदाहरण आपल्याकडे फार वेळा दुखावलेल्या माणसाला गप्प करायला वापरतात, बघ तिने माफ केलं आणि तू जमिनीसाठी रडतेस. तसं मी करणार नाही. मला त्यातलं दुसरं सांगायचंय. त्यांच्या माफीने खटला बंद झाला नाही. २००३ मध्ये मुख्य आरोपीला फाशी सुनावली, २००५ मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेप केली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. माफी त्यांची होती, निवाडा कोर्टाचा होता, आणि एकाने दुसऱ्याला अडवलं नाही.

आता कामाचं, आणि हे घाईचं आहे. फसवून झालेला दस्त रद्द करून मागायला मुदतीच्या १९६३च्या कायद्याप्रमाणे साधारण ३ वर्षं मिळतात, आणि ती कळल्यापासून मोजतात. वडिलांना नोटिशीने कळलं ती तारीख धरली तर तुमच्याकडे फार महिने नाहीत. देवावर सोपवलं म्हणून मुदत थांबत नाही. या आठवड्यात सातबारा, फेरफार, ती नोटीस, खरेदीखताची आणि कुलमुखत्यारपत्राची नक्कल, वडिलांचे दवाखान्याचे कागद (सही केली तेव्हा ते कुठल्या अवस्थेत होते ते त्यातून दिसेल) सगळं एका फाइलीत घाला आणि वकिलाला पहिल्यांदा तारखा दाखवा. फेरफार झाला म्हणजे मालकी गेली असं समजू नका, ती महसुली नोंद आहे, मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं. बाग परत मिळणं कठीण दिसलं तरी हिशेबाचा हक्क राहतो, कारण कुलमुखत्याराने मालकाला हिशेब द्यायचाच असतो, आणि "औषधाला गेले" म्हणायचं तर बिलं दाखवावी लागतील. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, बायकांना १९८७च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दावा दाखल झाला तरी मध्यस्थी किंवा लोकअदालत बंद होत नाही, तिथे तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकुमासारखी धरतात आणि वर अपील नसतं, नात्यातल्या भांडणाला मला ती जागा जास्त बरी वाटते.

पण दाव्याआधी एकदा त्याच्या घरी जा. फादर किंवा दोघांचं ऐकेल असा वाडीतला जुना माणूस बरोबर घ्या, धाकट्याला नेऊ नका. भांडायला नाही, तुमच्या पहिल्या कागदावरचं वाचून दाखवायला, आणि अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर दावा लावणार हे शांतपणे सांगायला. तो ओरडेल कदाचित. रोम १२ मध्येच आहे, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकंच. त्याचा वाटा तुम्ही नाही उचलायचा.

आणि माफ केलं म्हणजे उद्यापासून त्याच्याकडे जेवायला जायचं, त्याच्या हातात परत कागद द्यायचे असं नाही. विश्वास परत यायला त्याला बदलावं लागेल. त्याच्या घरी कोणी आजारी असलं तर विचारपूस करा, मयत झाली तर जा, एवढं पुष्कळ झालं सध्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना, ज्यांचं होडीच्या भागीदारीवरून, रापणीच्या वाट्यावरून, पाणंदीवरून चाललंय, त्यांनाही हेच लागू आहे, कागद आणि तारखा तुमच्या वेगळ्या असतील. पण ज्या बायकांना घरात मार पडतोय आणि कोणीतरी "देवावर सोपव, सहन कर" सांगतंय त्यांच्यासाठी वरची भेटायला जायची पायरी नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा, १८१ किंवा ११२ ला फोन करा, २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा याचसाठी आहे. सूड देवाचा असला तरी मार खाणं हे कोणाचंही कर्तव्य नाही.

राहिला कुमसार. केस लावलीत तर ते पाप म्हणून सांगू नका, ते पाप नाही. शेड जळाल्यावर वाटलेलं सुख आणि रोजचं ते बघायला जाणं, एवढं सांगा. आणि आईला कोर्टाची भीती वाटते तर त्यांना एक दाखवा, आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५चा वारसा कायदा लागतो, त्यात मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मागे बायकोला एक-तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखं. म्हणजे ही फिर्याद एकट्या तुमची नाही, त्यांचीही आहे. त्यांना शेजारी बसवून अर्ज वाचून दाखवा आणि मगच सही घ्या, कितीही वेळ लागला तरी.